परभणीच्या पाण्यात चुना आहे, मग गुहा का नाही?

परभणी जिल्ह्यात ठिबकवर कापूस किंवा ऊस घेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, काही हंगामांनंतर नळ्यांचं काय होतं. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. थेंब बारीक होतो, मग बंदच पडतो. ओळीतली चार झाडं माना टाकायला लागली की नळी चोंदल्याचं लक्षात येतं आणि मग अ‍ॅसिड सोडून, टोकं उघडून नळ्या धुवाव्या लागतात. हा पांढरा थर नखाने खरवडून बशीत घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. हे कॅल्शियम कार्बोनेट, साध्या बोलण्यात चुनखडी. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर जगभरातले लोक तिकीट काढून, रांग लावून जे बघायला जमिनीखाली उतरतात ते याच पदार्थाचं बनलेलं असतं. फरक एवढाच की तिथे थेंब चोंदल्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

मायोर्का हे स्पेनचं बेट. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर पोर्तो क्रिस्तो नावाचं छोटं बंदर आहे आणि बंदराला लागूनच ‘कोवेस देल द्राक’ या गुहा. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला आर्चड्यूक लुडविग साल्वातोर याला या बेटाचं वेड होतं. त्याने १८९६ मध्ये फ्रान्सहून एदुआर-आल्फ्रेड मार्तेलला बोलावून घेतलं. मार्तेल पेशाने वकील, पण त्याचा जीव रमायचा तो जमिनीच्या पोटात. आज गुहाशास्त्राच्या जनकांत त्याचं नाव घेतात. या गुहांमधून फिरताना त्याला आत एक तळं सापडलं. शंभर मीटरहून लांब असलेलं ते भुयारी तळं आता त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

आजचा पर्यटक तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट घेऊन जातो. पायऱ्या उतरून, सुमारे १२०० मीटरच्या आखून दिलेल्या वाटेने, शेकडो जणांच्या घोळक्यात. वर बघावं तर छतापासून हजारो पांढऱ्या-पिवळ्या सुया लोंबतात, काही बोटाएवढ्या, काही माणसाएवढ्या. शेवटी तळ्याकाठी बाकांवर बसायचं. दिवे मालवतात आणि कडांना दिव्यांच्या माळा लावलेल्या होड्या अंधारातून सरकत येतात. होडीत बसलेले वादक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे काही तुकडे वाजवतात. या गुहांची प्रकाशयोजना १९३० च्या दशकात कार्लेस बुइगास या इंजिनीअरने केली. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बार्सिलोनात रंगीत नाचरं कारंजं उभारणारा तो हाच. त्यामुळे थोडी नाटकी छटा आहे खरी, पण नाटक वाईट नाही. मला मात्र यातलं सगळ्यात बघण्यासारखं वाटतं ते संगीताच्या आधी, वाटेतल्या डबक्यांत दिसणारं. पाणी इतकं नितळ की ते आहे हेच आधी कळत नाही, आणि त्या पाण्याच्या आत बुडालेले लवणस्तंभ उभे असतात.

लोंबता लवणस्तंभ पाण्याखाली तयार होऊच शकत नाही. त्याला थेंब लागतो आणि थेंबाला हवा. म्हणजे हे स्तंभ वाढत होते तेव्हा इथे पाणी नव्हतं. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनाऱ्याजवळच्या या गुहा तेव्हा कोरड्या होत्या. बर्फ वितळलं, समुद्र चढला, आणि त्याबरोबर गुहेतलं पाणीही. बाकांवर बसून संगीत ऐकणाऱ्या घोळक्यात किती जणांना हे सांगितलं जातं, कोण जाणे.

आता थेंबाचं काम कसं चालतं ते बघू. पावसाचं पाणी हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, पण खरा साठा त्याला मातीत मिळतो. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीच्या पोकळीतल्या हवेत हा वायू वरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. तो पाण्यात मुरला की पाणी सौम्य आम्ल बनतं. असं पाणी चुनखडकाच्या भेगांतून झिरपताना खडक विरघळवत जातं आणि विरघळलेला चुना सोबत घेऊन खाली उतरतं. गुहेच्या छताशी थेंब लोंबायला लागला की त्याची गाठ मोकळ्या हवेशी पडते. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर वायू जसा निसटतो, तसाच थेंबातला वायू निसटतो. वायू गेला की आम्लपणा उतरतो, चुना पाण्यात राहू शकत नाही आणि थेंबाच्या कडेला अगदी पातळ कडं धरून बसतो. पुढच्या थेंबाचं कडं त्याच्या खाली. अशी आधी आतून पोकळ नळी बनते, ती चोंदली की पाणी बाहेरून वाहतं आणि नळीचा जाड स्तंभ होतो. जमिनीवर पडलेल्या थेंबातून खालून वर चढणारा स्तंभ उभा राहतो. दोघांची भेट झाली की अखंड खांब. ही वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात मोजायची. ठिबकच्या नळीत हाच प्रकार काही महिन्यांत होतो, कारण तिथे पाणी दाबाने उपसलेलं, उन्हाने तापलेलं आणि ड्रिपरच्या तोंडाशी वाळणारं असतं.

मायोर्काच्या किनाऱ्यावर आणखी एक गंमत घडते. चुन्याने तृप्त झालेलं गोडं पाणी आणि चुन्याने तृप्त झालेलं खारं पाणी, दोन्ही वेगवेगळी असताना खडकाला हात लावत नाहीत. ती एकमेकांत मिसळली की मात्र मिश्रण पुन्हा भुकेलं होतं आणि खडक खायला लागतं. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, तिथल्या सीमेवर अशी पोखरण चालते. द्राकसारख्या गुहा घडवण्यात तिचा मोठा वाटा आहे.

मग परभणीत का नाही? चुना तर इथे भरपूर. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यांतली काळी माती दोन-चार हात खणली की पांढरे, ओबडधोबड खडे लागतात. चुनखडीचेच ते. पूर्वी असे खडे भट्टीत भाजून घरबांधणीचा चुना करत. विहीर खोदणाऱ्याला विचारलं तर तो खालचा क्रम तोंडपाठ सांगेल: वर काळी, मग चुनखडीची पांढरट माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. त्यात मधेच एखादा गेरूचा लाल पट्टा. हा सगळा काळा खडक बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळून पसरलेला लाव्हा. एका थरावर दुसरा थर वाहत येण्याआधी जी उसंत मिळाली, तिच्यात पहिल्या थराची वरची बाजू झिजली आणि तिचाच पुढे गेरू झाला.

बेसाल्टमध्ये कॅल्शियम कमी नाही. वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका त्याचा ऑक्साइड या खडकात असतो. पण तो सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीत जखडलेला. आम्ल पाणी या खडकातून झिरपलं की ते कॅल्शियम सोडवून घेतं, पण बाकीचं तिथेच राहतं आणि हळूहळू त्याची चिकणमाती होते. चुनखडक जवळजवळ अख्खाच विरघळून निघून जातो, मागे पोकळी राहते. बेसाल्टचा थोडा भाग जातो, मागे माती राहते. सुटलेल्या कॅल्शियमचे पुढे मातीतच खडे बनतात किंवा ते बोअरच्या पाण्यात उतरतं आणि तिथून तुमच्या नळीत.

म्हणजे ज्या पाण्याने मायोर्काला भुयारं दिली, त्याच पाण्याने परभणीला काळं रान दिलं. पावसाळ्यात फुगणारी, चैत्रात बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडणारी ही माती नसती, तर इथे ना कापूस झाला असता, ना ‘परभणी मोती’ ही कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारी. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनी आपल्या अभिमानाच्या यादीत माती घालायला हरकत नाही. गुहा की माती असा सौदा समोर आला असता तर इथल्या कुणब्याने काय निवडलं असतं, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको.

बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात, पण त्या वेगळ्या कुळातल्या. लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले आणि मागाहून फिरलेल्या पाण्याने त्यांच्या आत स्फटिकांचं अस्तर चढवलं. मांजऱ्या खडकाचा धोंडा फोडला की आत कधी पांढरी सुईसारखी झिओलाइटं, कधी गार, कधी चमकदार कॅल्साइट दिसतं. गंगाखेडच्या गोदापात्रातल्या गारगोट्याही याच घरातल्या. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरकडच्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच त्यांच्यासाठी आहे. पण या पोकळ्यांत हात जातो, माणूस जात नाही.

माणसाला जायचं होतं तिथे त्याने स्वतः छिन्नी चालवली. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत. दारं इतकी बुटकी की वाकून, काही ठिकाणी जवळजवळ बसून आत जावं लागतं. आत तीर्थंकरांच्या मोठ्या मूर्ती आहेत आणि त्यांतल्या पार्श्वनाथांच्या मूर्तीला भाविक ‘अंतरिक्ष’ म्हणतात, कारण एवढा मोठा भार खालच्या एका लहानशा दगडावर तोललेला आहे. एवढ्या लहान दारातून एवढी मूर्ती आत आणली कशी, हे कोडं पाहणाऱ्याला पडतंच. बेसाल्ट कठीण असला तरी एकसंध असतो, त्यामुळे खोदणाऱ्याला भिंत कुठे ठेवायची आणि छत किती पातळ करायचं हे ठरवता येतं. वेरूळ, अजिंठा, धाराशिव, अंबाजोगाई ही मराठवाड्याची लेणी या एका गुणावर उभी आहेत. चुनखडकाची गुहा पाण्याच्या मर्जीने वळते. लेणं माणसाच्या मर्जीने.

खरी चुनखडकाची गुहा बघायची तर परभणीकराला महाराष्ट्राबाहेर पडावं लागतं. चंद्रपूर, यवतमाळकडे चुनखडक आहे, पण त्याची ओळख सिमेंटच्या कारखान्यांमुळे. तिकीट काढून फिरण्याजोग्या गुहांपैकी आंध्रातली बेलम सोयीची. ती आता नंद्याल जिल्ह्यात येते. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट याने तिची नोंद केली. भारतातलं पहिलं अश्मयुगीन हत्यार १८६३ मध्ये ओळखणारा तो हाच. पुढे १९८२-८३ मध्ये डॅनिएल गेबाउअर याच्या जर्मन चमूने तिचं नीट मोजमाप केलं. एकूण ३२२९ मीटर लांबी, त्यातली सुमारे दीड किलोमीटर २००२ पासून पर्यटकांसाठी खुली. सगळ्यात खोल भागाला पाताळगंगा म्हणतात. छत लवणस्तंभांनी भरलेल्या एका दालनाचं नाव कोटिलिंगालु. दुसऱ्या एका ठिकाणी स्तंभांवर टिचकी मारली की वेगवेगळे सूर निघतात म्हणून त्याला सप्तस्वरांचं नाव दिलं आहे. सूर निघतात हे खरं. पण हजारो वर्षांत तयार झालेली वस्तू करमणुकीसाठी ठोकून बघायची, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

आकारांना नावं देण्याची हौस सगळ्या देशांतल्या गाइडांना आहे. आपल्याकडे शिवलिंग, गणपती, ऐरावत. युरोपात चर्चमधला ऑर्गन, संत, राक्षस. घोळका त्यात रमतो आणि स्तंभ मुळात कशाचा आहे हा प्रश्न मागे पडतो.

बस्तरमधली कोटमसर गुहा वेगळ्या कारणाने बघण्यासारखी आहे. ती छत्तीसगडच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात येते. १९५० च्या दशकात भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनी तिचा अभ्यास केला. आतल्या डबक्यांत एक छोटा मासा राहतो, फिकट अंगाचा आणि जवळजवळ निकामी डोळ्यांचा. त्याची ओळख एव्हझार्डी या जातीत केली गेली. ही जात फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून वर्णन केलेली, आणि नाव दिलेलं कर्नल एव्हझार्ड यांचं. उघड्या ओढ्यातल्या तिच्या भाऊबंदांना चांगले डोळे आणि अंगावर पट्टे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेल्यांचे दोन्ही गेले.

याच उद्यानात दांडक नावाची आणखी एक गुहा आहे. मराठवाड्याच्या माणसाला तिच्यात रस वाटायला हवा, कारण तिथल्या एका स्तंभात आपल्या दुष्काळांची नोंद सापडली. स्तंभाचा थर थरावर चढतो तेव्हा प्रत्येक थरात त्या वर्षांच्या पावसाचा ऑक्सिजन बंद होतो. ऑक्सिजनचा एक प्रकार हलका, एक जड. मान्सून जोरात असला की पावसात हलक्याचं प्रमाण वाढतं, मान्सून रोडावला की जडाचं. थराचं वय काढायला युरेनियम कामी येतं. युरेनियम पाण्याबरोबर स्तंभात येतं, थोरियम जवळजवळ येत नाही. युरेनियमचं ठरलेल्या गतीने थोरियम होत जातं. त्यामुळे थोरियम किती साठलं यावरून थर किती जुना ते कळतं.

दांडकच्या स्तंभातून इसवी सन ६०० ते १५०० या काळातल्या पावसाचा आलेख निघाला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत त्यात कमजोर पावसाचे लांबलचक पट्टे आहेत. दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. दख्खनच्या परंपरेत तो १३९६ पासून बारा वर्षं चालला असं सांगतात. बारा हा आकडा आपल्याकडे सहज तोंडात येतो, म्हणून इतिहासकार अशा गोष्टी जपून घेतात. पण एका गुहेत, कुठल्याही बखरीशी संबंध नसताना, थेंबाथेंबाने तीच गोष्ट लिहिली गेली असेल तर परंपरेचं पारडं जड होतं. १९७२ चा दुष्काळ बघितलेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. तसे तीन-चार दुष्काळ लागोपाठ आले तर काय होईल, हा विचार त्या आलेखाकडे बघताना टाळता येत नाही. मेघालयात सोहराजवळच्या मावम्लूह गुहेतल्या स्तंभाने तर भूगर्भशास्त्राच्या कालगणनेतच जागा मिळवली. ४२०० वर्षांपूर्वी मान्सून अचानक खालावल्याची खूण त्यात आहे, आणि त्या क्षणापासून आजपर्यंतच्या कालखंडाला २०१८ मध्ये अधिकृतपणे ‘मेघालयन’ हे नाव मिळालं.

मायोर्काच्या गुहांनी समुद्राची नोंद ठेवली. पाण्याची पातळी बराच काळ एका जागी राहिली की तिथल्या स्तंभांवर पाणरेषेशी कॅल्साइटचा फुगीर पट्टा चढतो. पाणी खाली गेलं तरी पट्टा राहतो. द्राकपासून जवळच असलेल्या आर्ताच्या गुहांमधल्या अशा पट्ट्यांवरून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की सुमारे ३२ लाख ६० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १६ मीटर उंच होता. हवेत तेव्हा कार्बन डायऑक्साइड जवळपास आजइतकाच होता. मुंबईची समुद्रसपाटीपासूनची उंची ज्याला ठाऊक आहे त्याने पुढचा हिशेब स्वतःच करावा.

अशी नोंद पुसली जायला फार काही लागत नाही. स्तंभाला हात लावला की तळव्याचं तेल बसतं, त्यावर पुढचा थर नीट धरत नाही आणि डाग मात्र काळा पडत जातो. दिवे सतत चालू राहिले की त्यांच्याभोवती शेवाळ उगवतं. द्राकमध्ये काय आणि बेलममध्ये काय, एखाद्या दिव्यामागे हिरवट डाग दिसला तर तो गुहेचा नाही, दिव्याचा आहे. माणसांचा श्वासही पुरतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली आदिमानवाची चित्रं लोकांच्या श्वासाने आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीने बिघडायला लागली, म्हणून १९६३ मध्ये ती गुहा लोकांसाठी बंदच करावी लागली.

कोटमसरला जायचं असेल तर पावसाळा टाळावा लागतो, कारण पाणी भरतं म्हणून गुहा तेव्हा बंद असते. बेलमला ती अडचण नाही. मात्र एक गैरसमज सोडून जावं. गुहा म्हणजे गारवा, हे युरोपच्या हिशेबाने. खोल गुहेतलं तापमान बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं, त्यामुळे थंड देशातली गुहा थंड आणि आपल्याकडची उबदार. परभणीत अशी गुहा असती तर आत बारा महिने २७ अंशांच्या आसपास राहिलं असतं, तेही दमट. बेलममध्ये उतरलेले पर्यटक घामाघूम होऊन वर येतात ते यामुळेच. मे महिन्यात ४३ अंशांतून आलेल्या परभणीकराला तेवढाही उतार पुरेल, पण पाण्याची बाटली आणि एक कोरडा पंचा पिशवीत टाकलेला बरा.